तोडलेल्या कुपात पक्षी जास्त का दिसतात? जंगलतोड आणि वन्यजीवांच्या अभ्यासाला निघालेल्यांसाठी

ठाणे-कल्याण परिसरातील महाविद्यालयांतून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणारी दोन-चार मुले दरवर्षी मला गाठतात आणि जंगलतोडीचा पक्ष्यांवर व लहान सस्तन प्राण्यांवर होणारा परिणाम हा विषय लघुप्रबंधासाठी घ्यावा का, असे विचारतात. विषय सोपा वाटतो, कारण शहापूर किंवा मुरबाडकडे एक तोडलेला तुकडा (वनखात्याच्या भाषेत 'कूप') शोधायचा, शेजारी एक न तोडलेला शोधायचा, दोन्हीकडे मोजणी करायची आणि वजाबाकी मांडायची, एवढेच त्यात आहे असे वाटते. मीही तेच समजून गेले होते आणि त्या वजाबाकीपायी माझे एक सबंध वर्ष गेले. विषय जरूर घ्या. मात्र पुढील मजकूर वाचल्यावर घ्या.

पहिली गोष्ट, 'जंगलतोड' हा शब्द प्रबंधात एकट्याने वापरू नका. आपल्या जिल्ह्यात कार्य आयोजनेनुसार, म्हणजे वनखात्याच्या मंजूर आराखड्यानुसार, होणारी कुपाची तोड वेगळी, सागाच्या लागवडीतील विरळणी वेगळी, सरपणाच्या मोळ्या वेगळ्या, कुडासाठी कारवी कापणे वेगळे आणि भाताच्या राबासाठी (रोपांची जमीन भाजण्यासाठी) ऐनाच्या झाडाचे टहाळ उतरवणे आणखी वेगळे. कुपात झाड बुंध्यापासून जाते आणि खुंटाला फुटवे येतात. राबासाठी छाटलेला ऐन उभा राहतो, पण त्याचे शेंडे जातात. पक्ष्याच्या दृष्टीने या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुन्या, वर्षानुवर्षे छाटलेल्या ऐनांच्या जखमा कुजून तेथे ढोली तयार झालेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. अशा एका ढोलीतून पिंगळा मान बाहेर काढून आमच्याकडे रोखून पाहत होता. म्हणजे माणसाच्या कोयत्याने एखाद्याचे घर मोडतेही आणि क्वचित घडतेही. हा बारकावा न टिपता 'मानवी हस्तक्षेप' असा एकच रकाना भरला, तर पुढचे सगळे विश्लेषण पोकळ राहते.

आता ज्या खड्ड्यात मी पडले, त्याविषयी लिहिते. ते लांबेल, पण तेवढेच नीट वाचले तरी चालेल.

शहापूर तालुक्यातील तीन वर्षांपूर्वी तोड झालेला एक कूप आणि त्याला लागून असलेले न तोडलेले जंगल, अशा दोन जागा मी घेतल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी पाचशे मीटरची एक वाट आखली आणि हिवाळाभर, आदल्या रात्री पाड्यावर मुक्काम करून, सूर्योदयानंतरचे दोन तास त्या वाटांवर चालून दिसलेल्या व ऐकू आलेल्या प्रत्येक पक्ष्याची नोंद केली. नोंदवहीत तारीख, वेळ, जात, संख्या, झाड आणि उंची असे रकाने होते. ती नोंदवही मला फार व्यवस्थित वाटत होती. हंगामाच्या शेवटी बेरीज केली, तेव्हा कुपातील पक्षी जंगलापेक्षा बरेच जास्त निघाले. मला आनंदच झाला, कारण काहीतरी 'वेगळे' हाती लागले होते. उजेड वाढला, झुडुपे माजली, किडे वाढले, म्हणून पक्षी वाढले, असे स्पष्टीकरणही मी झटपट लिहून टाकले आणि माझ्या मार्गदर्शकांनी त्यावर न वाचता सही केली.

तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: "पक्षी दिसला तेव्हा तो तुमच्या वाटेपासून किती अंतरावर होता, हे कुठे लिहिले आहे?" ते कुठेच लिहिलेले नव्हते. त्यांनी प्रबंध मिटवून बाजूला ठेवला.

त्यांच्या प्रश्नाचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही, म्हणून तुमच्यासाठी आकड्यांत मांडते. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. समजा, कुपात झाडे नसल्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना साठ-साठ मीटरपर्यंत पक्षी दिसतो. पाचशे मीटर लांबी आणि एकशे वीस मीटर रुंदी धरली तर तुम्ही प्रत्यक्षात ६ हेक्टर जमीन तपासली. जंगलात मात्र पाने, वेली आणि बुंधे आड येतात, त्यामुळे पंधरा मीटरपलीकडचे काही कळत नाही. तेथे तुम्ही तपासलेली जमीन भरते अवघी दीड हेक्टर. आता कुपात ४८ पक्षी दिसले आणि जंगलात २४, तर बेरजेप्रमाणे कूप दुपटीने समृद्ध ठरतो. क्षेत्रफळाने भागल्यावर कुपात हेक्टरी ८ आणि जंगलात हेक्टरी १६ पक्षी येतात. उत्तर नुसते चुकलेले नाही, ते उलटे झालेले आहे. तोडीमुळे पक्ष्यांची संख्या बदलते, त्याच वेळी पक्षी दिसण्याची शक्यताही बदलते, आणि नुसत्या मोजणीत या दोन गोष्टी एकमेकींत अशा मिसळतात की नंतर कोणत्याही सूत्राने त्या वेगळ्या करता येत नाहीत. अंतराचा रकाना नसेल तर ती नोंदवही या प्रश्नापुरती निरुपयोगी ठरते. मला हे लिहिताना अजूनही त्रास होतो, पण ते तसेच आहे.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. वाटेपासूनचे लंब अंतर प्रत्येक नोंदीबरोबर लिहायचे आणि अंतर वाढत जाते तसतशी पक्षी सापडण्याची शक्यता कशी घटते, याचा आलेख प्रत्येक अधिवासासाठी स्वतंत्र काढायचा. या पद्धतीत तीन गोष्टी गृहीत असतात: अगदी वाटेवरचा पक्षी हमखास सापडतो, तुमची चाहूल लागून हलण्याआधीच तो नोंदला जातो आणि अंतर बरोबर मोजले जाते. आलेख विश्वासार्ह होण्यासाठी साधारण ६० ते ८० नोंदी लागतात, म्हणून दुर्मीळ जातींसाठी तो स्वतंत्रपणे जमत नाही. अशा वेळी आकार व सवयी सारख्या असलेल्या जाती एकत्र घ्याव्या लागतात. यात कठीण असे काही नाही. पहिल्या दिवसापासून करावे लागते, एवढेच.

संख्येइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोण वाढले आणि कोण गेले. ताज्या कुपात बुलबुल, वटवटे, कोतवाल, खाटीक यांची चंगळ असते, कारण मोकळ्या झुडपी जागेचे हे पक्षी आहेत. तांबट आणि सुतार स्वतः ढोली कोरतात, त्यासाठी त्यांना मेलेले किंवा किडलेले लाकूड लागते. पोपट, मैना, दयाळ आणि पिंगळे बहुधा त्यांच्याच सोडलेल्या किंवा नैसर्गिक ढोलींवर अवलंबून असतात. राखी धनेशाची मादी तर ढोलीचे तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते आणि नराने आणलेल्या उंबर-पिंपरीच्या फळांवर ते घर चालते. वाळके झाड 'निरुपयोगी' म्हणून आधी काढले की या सगळ्या साखळीचा पाया जातो, भले हिरवी झाडे कितीही राखलेली असोत. त्यामुळे झाडांचा घेर मोजताना उभी वाळकी झाडे आणि ढोली वेगळ्या मोजा. त्याला अर्धा दिवस जास्त लागतो आणि प्रबंधातले सर्वांत उपयोगी पान तेच ठरते.

मात्र 'दाट जंगल चांगले, मोकळे वाईट' असेही समीकरण मांडू नका. रानपिंगळ्याचे उदाहरण आपल्या दारातच आहे. १८७३ साली वर्णन झालेला हा पक्षी १८८४ नंतर ११३ वर्षे कोणाला खात्रीने सापडला नव्हता. १९९७ साली तो शहाद्याजवळ पुन्हा मिळाला आणि २०१४ मध्ये आपल्या तानसा अभयारण्यात त्याची नोंद झाली. तो बऱ्यापैकी मोकळ्या सागवनातही राहतो, पण घरट्यासाठी त्याला जुन्या झाडाची ढोली लागते. म्हणजे प्रश्न किती झाडे उभी आहेत एवढाच नसून कोणती उभी आहेत, हाही आहे.

लहान सस्तन प्राण्यांविषयी थोडक्यात लिहिते, कारण माझे काम त्यात कमी झाले. उंदीर-चिचुंद्र्यांसाठी घडीचे ॲल्युमिनियमचे पिंजरे लावतात. शेंगदाण्याचे कूट चालते आणि चिचुंद्रीसाठी सुकट अधिक चांगली. येथेही तोच खड्डा आहे. तोडीनंतर फांद्यांचे ढीग पडून राहिले असतील तर प्राणी त्यांच्या आसऱ्याला गोळा होतात आणि ढिगाशेजारचे पिंजरे भरतात; शिवाय काही प्राणी पिंजऱ्याला सोकावतात, तर काही एकदा सापडल्यावर पुन्हा फिरकत नाहीत. म्हणून खूण करून सोडणे आणि पुन्हा पकडणे याला पर्याय नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील जंगलांत सरसकट तोडीनंतर 'हरीण-उंदीर' नावाचे उंदीर (डिअर माउस) वाढतात आणि लाल पाठीचे भूमूषक (व्होल, उंदरासारखे लहान प्राणी) घटतात, हे वारंवार दिसले आहे. एकूण बेरीज पाहणाऱ्याला तेथेही 'काही बिघडले नाही' असेच वाटेल. भूमूषकांना ओलसर जमीन आणि जमिनीखालची कवके लागतात, आणि ऊन थेट पडू लागले की दोन्ही आटतात. आपल्याकडे पालापाचोळ्याची जाडी आणि जमिनीचा ओलावा मोजल्याशिवाय उंदरांचे आकडे समजत नाहीत. शेकरूचा प्रश्न आणखी निराळा. ते शेंड्याशेंड्यांवरून फिरते, त्यामुळे भीमाशंकरसारख्या ठिकाणी थोडीच झाडे गेली तरी वाट तुटते. हातमोजे घातल्याशिवाय उंदीर हाताळू नका. लेप्टोस्पायरोसिस हा केवळ तुंबलेल्या पाण्याचा रोग नव्हे.

जागा निवडताना आणखी एक चूक ठाण्याची मुले हमखास करतात. येऊर जवळ आहे, म्हणून 'न तोडलेले जंगल' येऊरचे आणि कूप शहापूरचा घेतात. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून मंजूर कार्य आयोजनेनुसारच जंगलात तोड होऊ शकते. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांत तर १४ फेब्रुवारी २००० च्या आदेशाने वाळकी, पडलेली झाडे काढण्यासही मनाई झाली. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते. तेथील वाळकी झाडे उभी राहतात आणि कुपाशेजारच्या राखीव वनातील सरपणाला जातात, म्हणजे तुम्ही तोडीची तुलना करत नसून दोन वेगळ्या व्यवस्थापनांची करत असता. दोन्ही जागा एकाच राखीव वनात, सारख्या उतारावर घ्या आणि शक्य असल्यास एकाऐवजी चार-पाच कूप निरनिराळ्या वयांचे घ्या. एका कुपात वीस वेळा चालल्याने वीस कूप होत नाहीत. दोन वर्षांचा कूप आणि पंधरा वर्षांचा कूप ही पक्ष्यांच्या लेखी दोन वेगळी गावे असतात.

परवानगीचा अर्ज जूनमध्येच करा. राखीव वनासाठी वनविभागाकडे, अभयारण्यासाठी किंवा प्राणी पकडायचे असल्यास मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नागपूरच्या कार्यालयाकडे जावे लागते, आणि दिवाळीनंतर जाग आलेल्यांचा हंगाम वाया जातो.

मार्गदर्शकांविषयी माझे मत कडवट आहे, ते कडवट म्हणूनच वाचा. ज्यांच्या बुटांना गेल्या पाच वर्षांत चिखल लागलेला नाही, त्यांच्याकडे हा विषय घेऊ नये. मला खरे शिकवले ते कुपाचे वय तोंडपाठ असलेल्या एका वनरक्षकांनी आणि बिळाच्या तोंडावरची माती बोटांत चोळून ते चालू आहे की सोडलेले, हे सांगणाऱ्या कातकरी पाड्यावरच्या एका काकांनी. "ताई, मोजायच्या आधी जरा बसा," असे ते म्हणत. आवाज ओळखणाऱ्या ॲपविषयीही माझा आग्रह आहे: शिकण्यासाठी वापरा, नोंदीसाठी नको. ॲप पक्ष्याचे नाव सुचवते, पण तो किती दूर होता हे सांगत नाही, आणि आपले सगळे घोडे तर तिथेच पेंड खाते.

ज्यांनी अंतर न लिहिता अर्धा हंगाम घालवला आहे, त्यांनी घाबरून विषय सोडू नये. त्या नोंदींतून जातींची यादी निघते, ढोलींचा नकाशा निघतो, आणि उरलेल्या हंगामात अंतरासह चालता येते. माझ्याकडे उरलेला हंगाम नव्हता, म्हणून मला पुढच्या नोव्हेंबरची वाट पाहावी लागली. दरम्यानच्या उन्हाळ्यात मैत्रिणीला घेऊन मी संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर जात असे. कठड्यावरच्या कावळ्याकडे पाहून अंतर बोलायचे, मग ती टेप धरून मोजायची आणि लोक आमच्याकडे बघत राहायचे. सुरुवातीला तीस मीटरला मी पन्नास म्हणत होते. पावसाळा लागेपर्यंत चूक चार-पाच मीटरवर आली. त्यानंतर नोंदवहीत 'अंतर' हा रकाना जातीच्या नावाच्याही आधी आखला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी कुपाकडे जायला पुन्हा आसनगावचे तिकीट काढले.