मामा तलावाच्या काठी गाडी उतरवताय? या चुका टाळा

सारस बघायला नागपूरहून साकोली-नवेगावबांधकडे निघालेला माणूस आधी विचारतो, "तलावात मगर आहे का?" काठाची जमीन कशी आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि फजिती होते ती काठावरच.

भंडारा-गोंदियात गावोगावी माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले, तलाव आहेत, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात. पाळ मातीची आणि तलाव पसरट, उथळ. धानाला पाणी सोडलं की काठ मागे सरकतो आणि बरीच जमीन उघडी पडते. ती वरून वाळते, तडकते, अगदी अंगणासारखी टणक दिसते. पण तो नुसता पापडा असतो, खाली गाळ शिऱ्यासारखा मऊच राहतो. फोटोसाठी मी तिथे गाडी घातली. चार-पाच हात गेली नसेल तोच पुढची दोन्ही चाकं बसली.

मग दुसरी चूक केली ती म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला. चाक जागच्या जागी फिरतं तेव्हा ते बाहेर येत नाही, स्वतःचाच खड्डा खोदतं. दोन मिनिटांत गाडीचं पोट चिखलाला टेकलं. खांद्यावर जाळं घेऊन एक ढिवरकाका आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "काहून उतरवली जी इथं? आमी बंडी नाई नेत." बंडी म्हणजे बैलगाडी.

ट्रॅक्टर बोलावण्याआधी त्यांनी तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, आणली, दोन कवळे. सगळे खाली उतरलो, चाकांपुढचा-मागचा गाळ हातांनी उपसला. पुढच्या टायरची हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवली, म्हणजे टायर पसरतो आणि पकड वाढते. चाकाखाली तणीस, तिच्यावर बेशरम या रानझुडपाच्या फांद्या. रिव्हर्स टाकून, क्लच हळू सोडत, आलो त्याच चाकोरीतून मागे. (बेशरमाला आयुष्यभर नावं ठेवली, त्या दिवशी तेच कामी आलं.) नंतर हवा भरल्याशिवाय गाडी पळवू नका. दोर लावून ओढायची वेळ आलीच तर तो टोइंग हुकालाच बांधा, बंपरला नाही. आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये, तुटला तर चाबकासारखा येतो.

उतरण्याआधी गुरांचे खूर बघा. ठसे खोल असतील, त्यात पाणी साचलं असेल, तर गाडी डांबरावरच बरी. पायी जातानाही काठीनं चाचपा. पाय गुडघ्यापर्यंत रुतलाच तर उपटायला जाऊ नका, दुसरा पायही जातो. मागे रेलून अंगाचा भार पसरवा आणि पाय हलवत-हलवत सोडवा.

पावसाळ्यात खरा घात रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर, होतो. "आभाळ तर स्वच्छ आहे" हा हिशेब वैनगंगेच्या खोऱ्यात चालत नाही. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या पावसाचं आणि धरणांतून सोडलेलं पाणी आलं, आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं बुडाली. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी तरंगायला लागते. रपट्याचा कठडा किंवा दगड दिसत नसतील तर परत फिरा, मॅप काहीही म्हणो.

पावसाळ्यातच सारस बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, घरटं करतो. धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) आत शिरू नका, ड्रोन तर नकोच. धान शेतकऱ्याचं आहे आणि अंडी दोनच असतात.

साप चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीच नको. तो अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, 108 ला फोन करा, जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. सर्पदंशावरची लस (प्रतिविष) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, त्यामुळे साप पकडून नेण्यात वेळ घालवू नका.

आणखी एक गोष्ट लोक हमखास विसरतात. काठच्या गवतात बसून डबा खाल्ला, घरी आलात, आणि आठ-दहा दिवसांनी थंडी वाजून ताप भरला, तर काखेत, जांघेत, कमरेजवळ काळी खपली आहे का बघा, विडीचा चटका बसल्यासारखी. ते स्क्रब टायफस असू शकतं. गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होतं, 2018 मध्ये नागपूर भागात याचे बरेच रुग्ण निघाले होते. वेळेत कळलं तर साध्या प्रतिजैविकानं बरं होतं. डॉक्टर सहसा डेंग्यू-मलेरियाची तपासणी लिहून देतात, म्हणून तलावाकाठच्या गवतात बसलो होतो, हे त्यांना आपणहून सांगा. खपली दुखत नाही, त्यामुळे ती अंघोळीच्या वेळी मुद्दाम शोधावी लागते.