डोंगरउतारावर घर बांधताय? जेसीबी बोलावण्याआधी या चुका टाळा

कोकणातला किंवा घाटमाथ्याचा प्लॉट आपण बहुतेक एप्रिल-मेमध्ये बघतो. जमीन कोरडी, टणक, वारा छान, समोर दरीचा देखावा. चूक इथूनच सुरू होते. तोच प्लॉट जुलैच्या संततधारेत बघा. वरून पाणी कुठून उतरतं, कुठं जमिनीत मुरतं आणि खाली कुठं झऱ्यासारखं फुटून बाहेर येतं, हे त्या एका फेरीत कळतं. सातबाऱ्यावर हे लिहिलेलं नसतं. शेजारच्या शेतकऱ्याला मात्र पक्कं माहीत असतं, त्याला आवर्जून विचारा.

२० टक्के म्हणजे २० अंश नव्हे

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत (लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात) १:५ पेक्षा तीव्र उताराची जागा बांधकामाला चालत नाही. १:५ म्हणजे आडवं पाच मीटर गेल्यावर एक मीटर चढ. टक्क्यांत २०, पण अंशांत जेमतेम सव्वाअकरा. मोबाइलच्या अ‍ॅपवर १५ अंश दिसले की ‘वीसच्या आत आहे, चालेल’ म्हणत व्यवहार करणारी माणसं मी पाहिली आहेत. १५ अंश म्हणजे जवळपास २७ टक्के, नियमाच्या बराच बाहेर.

दुसरी गफलत मोजण्यात होते. टेप जमिनीला टेकवून, उतारावरून ओढत मोजलं तर अंतर जास्त भरतं आणि उतार सौम्य वाटतो. अंतर आडवंच धरायचं. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि टेप एवढ्यावर अंदाज येतो: आडव्या २० मीटरमध्ये उंचीत चार मीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर तिथंच थांबा.

तिसरी गफलत सरासरीची. समजा प्लॉट ४० मीटर खोल आहे आणि एकूण उतार सात मीटर. हिशोब १:५ च्या आत बसतो. पण वरच्या २५ मीटरमध्ये दोनच मीटर उतार आणि खालच्या १५ मीटरमध्ये पाच मीटर असेल, तर खालचा भाग १:३ आहे. देखावा तिथूनच चांगला दिसतो, म्हणून घर नेमकं तिथं आखलं जातं. त्यासाठीच सर्व्हेअरकडून समोच्च रेषांचा नकाशा, म्हणजे कंटूर प्लॅन, करून घ्यायचा. खर्च वाटतो, पण घराची जागा त्या कागदावरच ठरते.

आधी सपाट, मग परवानगी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘प्लॉट लेव्हल करून देतो’ हे वाक्य विक्रीच्या वेळी हमखास ऐकू येतं. सपाट केलं म्हणून नियमाच्या दृष्टीनं उतार संपत नाही. बाजूची न कापलेली जमीन आणि जुने नकाशे मूळ उतार सांगतात. शिवाय डोंगर कापून माती-मुरूम काढणं हा महसूल कायद्यात गौण खनिजाचा विषय आहे. तहसील कार्यालयाची परवानगी न घेता खोदाई केली, तर दंडाची नोटीस जमीनमालकाच्या नावानं येऊ शकते. जेसीबीवाला तोवर दुसऱ्या गावात पोचलेला असतो.

कापलेली माती उताराच्या कडेला ढकलून ‘अंगण मोठं केलं’ असं समजणं तर त्याहून वाईट. तो भराव मूळ जमिनीला चिकटलेला नसतो. पहिल्या पावसात तो बसतो, दुसऱ्या-तिसऱ्या पावसात सरकतो, आणि खाली कुणाचं तरी भाताचं खाचर असतं. एका ओळखीच्या कुटुंबाची व्हरांड्याची फरशी अशाच भरावावर होती. दुसऱ्याच पावसाळ्यात ती घरापासून चार बोटं सुटली. दुरुस्तीपेक्षा खालच्या शेतकऱ्याशी झालेला वाद त्यांना जास्त बोचला, आणि त्या शेतकऱ्याचं म्हणणं खरं होतं.

भिंत जाड, पण पाण्याला वाट नाही

संरक्षक भिंत पडते ती बहुतेक वेळा मातीमुळे नाही, मागे तुंबलेल्या पाण्यामुळे. भिंतीला निचऱ्याची भोकं हवीत, त्यांच्यामागे खडीचा थर हवा, आणि डोंगराच्या बाजूनं येणारं पाणी घराला वळसा घालून नेणारा चर हवा. आपल्याकडचे जुने गडगे (रचलेल्या दगडांच्या कुंपणभिंती) विनासिमेंटचे असूनही वर्षानुवर्षं टिकतात, कारण फटींमधून पाणी निघून जातं. त्याच जागी काँक्रीटची सलग भिंत बांधली की आपण नकळत धरण बांधतो.

छताचाही हिशोब करा. १०० चौरस मीटरचं छप्पर आणि दिवसाला २०० मिलिमीटर पाऊस (कोकणात हे नवल नाही) म्हणजे २० हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे दोन टँकर एका दिवसात भिंतीमागे ओतल्यासारखं. पन्हाळी लावून ते पाणी पक्क्या गटारानं नैसर्गिक ओढ्यापर्यंत न्या. मात्र ओढा बुजवू नका किंवा वळवू नका. शोषखड्डाही भिंतीच्या वरच्या बाजूला नको.

कागदांबाबत थोडक्यात: गावठाणाबाहेर फक्त ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर विसंबू नका, नगररचना कार्यालयातून झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी राखली आहे ते सांगणारा) काढा. महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरानच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रांत तीव्र उतारावर आणि जास्त धूप होणाऱ्या उतारावर बांधकामाला मनाई आहे. गोव्यात नगर नियोजन कायद्याचं कलम १७-अ आहे. डोंगर कापायला मुख्य नगर नियोजकांची लेखी परवानगी आधी लागते.

कापून झालं असेल तर?

पावसाळा तोंडावर असेल तर नवी खोदाई बंद करा. उघड्या कापावर ताडपत्री टाका आणि वरच्या कडेपासून थोडं मागे पाणी बाजूला वळवणारा चर खणा. गवत आणि वाळा लावा, मात्र मुळं धरायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षी त्यांच्यावर भिस्त नको. कापाच्या पायथ्याशी माती घसरून आली तर भर पावसात ती उपसू नका. ती वरच्या मातीला टेकू देत असते. पाऊस थांबल्यावर उतारांच्या कामाचा अनुभव असलेल्या स्थापत्य अभियंत्याला दाखवा.

आणि दरड कोसळण्याआधीची ही लक्षणं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: वरच्या बाजूला जमिनीला नवी भेग, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, दारं-खिडक्या अडकणं. दरडीखाली गाडल्या गेलेल्या माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहत होती, त्यांनी कुठला प्लॉट हौसेनं निवडला नव्हता. इर्शाळवाडीवर दरड आली ती रात्री. यातलं एकही लक्षण दिसलं तर अंधार पडायच्या आत घर सोडा, खालच्या घरांनाही उठवा आणि तहसीलच्या नियंत्रण कक्षाला कळवा.