गरम इंजिनवर सेल्फ (स्टार्टर मोटर) जड फिरत असेल तर आधी अर्थिंग, म्हणजे इंजिन, बॉडी आणि बॅटरी मायनसची जोडणी, बघा (माझा अनुभव)

जुनी कार्बोरेटरवाली गाडी आहे, सकाळी थंड असताना एका सेल्फला चालू व्हायची पण चांगली गरम झाल्यावर बंद करून दहा मिनिटांनी सेल्फ मारला की घुर्र घुर्र करत कसाबसा फिरायचा. बॅटरी नवीन टाकली, सेल्फचे ब्रश आणि बुश बदलले, टायमिंगही चेक केलं, फरक शून्य. खरंच वैताग आला होता.

मग लक्षात आलं की सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागतेय, म्हणजे सेल्फचा करंट इंजिनमधून बॅटरीकडे परत जायला या केबलमधून वाट काढतोय! लगेच इग्निशन कॉइलची (स्पार्कसाठी करंट देणारी) प्लस वायर काढली म्हणजे इंजिन चालू होणार नाही, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, लाल टोक इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर, काळं टोक बॅटरीच्या मायनस पोलवर (क्लॅम्पवर नाही) आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगितलं. रीडिंग १.३ व्होल्ट. हे साधारण ०.२ च्या आसपास हवं, ०.५ च्या वर तर नकोच.

बॅटरीचं मायनस काढलं, इंजिन ते बॉडी अर्थ पट्टी सोडवली, आतून हिरवी पडून अर्ध्या तारा तुटलेल्या. तेवढ्याच जाडीची नवीन पट्टी घेतली, दोन्ही जागचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासला, स्टार वॉशर टाकून बोल्ट घट्ट केले, वरून पेट्रोलियम जेली लावली, मायनस सगळ्यात शेवटी जोडलं. आता रीडिंग ०.१५, गरम इंजिनवरही सेल्फ झटक्यात फिरतो आणि हेडलाइटसुद्धा आधीपेक्षा उजळ आहेत.