पुढच्या साथीआधी तालुक्याने उरकून ठेवायची कामं

सगळ्यात आधी गावांची यादी काढा. हसू नका. २०२० च्या उन्हाळ्यात मी तालुक्याच्या करोना कक्षात रुग्णांचे आकडे भरायला बसायचे, तेव्हा निम्मा वेळ ‘हे पिंपळगाव नेमकं कुठलं’ यातच जायचा. आमच्याकडे दोन पिंपळगावं, शेजारच्या तालुक्यात तिसरं आणि अहवालावर पत्ता एवढाच: मु. पो. पिंपळगाव. सरकारने प्रत्येक गावाला सांकेतांक दिलेला आहे. ती यादी छापून घ्या, वाड्या, तांडे आणि ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या त्यात हाताने लिहा आणि कोणती वस्ती कोणत्या उपकेंद्राची, कोणत्या आशाताईंची, तेही समोर मांडा. पत्ता आधारवरचा धरायचा की माणूस सध्या राहतो तो, हेही आत्ताच ठरवा. मुंबई-पुण्याहून परतलेल्यांचं घर एकीकडे, स्वॅब दुसरीकडे, खाट तिसरीकडे. असा रुग्ण कुणाच्याच यादीत नसायचा, नाहीतर दोन याद्यांत असायचा. मी तरी आजारी पडण्याआधी तो जिथे राहत होता ते गाव धरेन.

मग तारखांचे रकाने. लक्षणं कधी सुरू झाली, स्वॅब कधी घेतला, अहवाल कधी आला आणि नोंद कधी झाली, हे चार रकाने वेगळे ठेवा आणि कुणालाही ते एकत्र करू देऊ नका. आम्ही एकच ‘दिनांक’ ठेवला होता. प्रयोगशाळेत नमुने तीन दिवस तुंबले की गावात शांतता दिसायची आणि चौथ्या दिवशी स्फोट. साथ आपल्या चालीने चालली होती, उड्या आमचा रकाना मारत होता. निगेटिव्ह अहवाल भरायचा कंटाळा हाही त्यातलाच प्रकार. अँटिजेन चाचण्यांच्या शिबिरात दीडशे जण तपासायचे आणि रात्री थकून फक्त अकरा पॉझिटिव्ह भरायचे, मग बाधितांचं प्रमाण काय काढणार?

नावांचं दुखणं जुनंच आहे. एकच वैष्णवी इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिली जाते आणि तीन रुग्ण तयार होतात. मोबाइल क्रमांकावर भिस्त ठेवावी, तर अख्ख्या घराला एकच फोन, तोही मुलाच्या ऑनलाइन शाळेत अडकलेला. नाव, वय, गाव आणि घरातल्या कर्त्या माणसाचं नाव असे चार धागे जुळवा आणि फेरतपासणीत पुन्हा पॉझिटिव्ह आलेला माणूस नवा रुग्ण धरायचा नाही, हे भिंतीवर लिहून लावा.

मृत्यूंची नोंद हे सगळ्यात अवघड काम, त्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. १६ जून २०२० रोजी राज्याने जुन्या नोंदींची पडताळणी करून १,३२८ मृत्यू एकदम आकड्यात घेतले. त्यातले ८६२ एकट्या मुंबईतले. पुढे राज्याच्या रोजच्या पत्रकात किती मृत्यू ४८ तासांतले, किती गेल्या आठवड्यातले आणि किती त्याआधीचे, हे वेगळं सांगू लागले. आकडा उशिरा येतो हे उघड मान्य करणारी ती ओळ मला त्या पत्रकातली सगळ्यात प्रामाणिक वाटायची. तालुक्याने दर सोमवारी तीन वह्या शेजारी ठेवाव्यात: दवाखान्याची, ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंद आणि स्मशानभूमी-कब्रस्तानाची. तिन्हींत फरक निघणारच. तो कुणी, किती दिवसांत सोडवायचा, त्या माणसाचं नाव आज ठरवा. मृत्यूच्या कारणाचा दाखला दवाखान्यात नमुना ४ वर, घरच्या मृत्यूसाठी ४अ वर भरतात. त्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तो दाखला डॉक्टरांना अदबीने परत पाठवा. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. ते कशाने पडलं, ते लिहायचं असतं.

एकात्मिक रोग सर्वेक्षण, म्हणजे गावोगावच्या आजारांची खबर ठेवणारा सरकारी कार्यक्रम, २००४ पासूनचा. एस, पी आणि एल हे त्याचे भरायचे तक्ते: सेविकांचा, डॉक्टरांचा आणि प्रयोगशाळेचा. ५ एप्रिल २०२१ पासून ते काम देशभर आयएचआयपी या केंद्राच्या ऑनलाइन आरोग्य-माहिती पोर्टलवर गेलं. पोर्टल चांगलं आहे; पण कोरी जागा म्हणजे ‘आजार नाही’ की ‘भरलंच नाही’, हे त्याला कसं कळणार? म्हणून ‘एकही रुग्ण नाही’ असा शून्य अहवालही मागा. तो मागताना आशाताईंचा मोबदला आणि रिचार्ज वेळेवर निघतो का, तेही बघा, नाहीतर शून्य फार लवकर आणि फार नियमित येऊ लागतात.

खासगी डॉक्टर, मेडिकल दुकानदार आणि पशुवैद्यकीय दवाखाना, तिघांचे फोन एका कागदावर हवेत. प्लेगच्या काळात उंदीर मरून पडू लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालायचे; तेव्हा पोर्टल नव्हतं, पण खूण कुठली ते प्रत्येकाला ठाऊक होतं. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ ला माकडताप (माकडांनाही मारणारा, गोचिडींतून माणसाला होणारा ताप) आला, तेव्हापासून तिथे मेलेलं माकड दिसलं की आरोग्य खात्याला कळवायचं असतं. आपल्या तालुक्यात अशी खूण कुठली, ते वनरक्षकाला आणि गुराख्याला विचारा.

तोच आकडा जिल्हा परिषदेला सकाळी, तहसीलला दुपारी, पोलिसांना संध्याकाळी, तिघांचे तक्ते वेगळे: हे आधीच मोडून काढा. रात्री बारा ते रात्री बारा, एकच तक्ता, ज्याला हवा त्याने तिथून घ्यावा. रुग्णांच्या नावांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची नाही. आमच्याकडची एक यादी फुटली आणि एका बाईंना महिनाभर डेअरीत दूध घालू दिलं नाही. त्यानंतर त्या वस्तीतून तपासणीला कुणी आलंच नाही.

इन्व्हर्टर, छापील नमुने, दुसरी सिम आणि पासवर्ड माहीत असलेली दोन माणसं, एवढं सामान पुरे. रंगीत तालीम पावसाळ्यात डेंग्यूवर करा. आठवड्याच्या अहवालातली कुठलीही पाच नावं उचला आणि त्या पाच घरांपर्यंत चालत जा. किती घरं सापडली, ते गावांच्या यादीच्या मागच्या कोऱ्या पानावर तारीख घालून लिहा. हे सगळं ज्या कपाटात ठेवाल, त्याची दुसरी किल्ली शिपाईमामांकडे द्या.