वेल्डर टेस्टला उभा करण्याआधी

एएसएमई सेक्शन नाइनखाली (वेल्डिंगच्या पात्रतेची अमेरिकन संहिता) पाइप वेल्डर क्वालिफाय करायचा, म्हणजे टेस्ट घेऊन पात्र ठरवायचा, तर आधी कामाची लाइन लिस्ट (पाइपलाइनची यादी) घेऊन बसा. सगळ्यात जाड भिंत किती, सगळ्यात बारीक ओडी (बाहेरचा व्यास) किती आणि कुठला जॉइंट कुठल्या प्रोसेसने भरायचा, हे लिहून काढा. कूपन, म्हणजे टेस्टसाठी वेल्ड करायचा पाइपचा तुकडा, त्यावरून ठरतं, स्क्रॅपमध्ये सापडलेल्या तुकड्यावरून नाही.

ग्राइंडर, काच, हातमोजे, गरम क्विव्हर (रॉड कोरडे ठेवायचा डबा). पुढे चला.

व्यासाचं गणित सोपं आहे. कूपनची ओडी ७३ मिमीपेक्षा जास्त असेल तर वेल्डर ७३ आणि त्यावर चालतो. म्हणजे ६ इंचीवर पास झालेला माणूस २ इंची लाइनवर बसवता येत नाही. २ इंची कूपन (ओडी ६०.३) दिलं तर २५ मिमीपासून वर सगळं मोकळं. २५ च्या खालचं काम असेल तर तेवढ्याच बारीक ओडीवर टेस्ट घ्यावी लागते. पोझिशन ६जी घ्या, सगळ्या पोझिशन एकदम सुटतात. त्यासाठी पाइप ४५ अंशांवर पक्का टॅक करा, ५ अंश इकडेतिकडे चालतात, फिरवलेला चालत नाही.

आता जाडी. मागच्या वेळी घोळ इथेच झाला, म्हणून नीट वाचा. मर्यादा कूपनच्या भिंतीवर ठरत नाही. त्या वेल्डरने त्या प्रोसेसने किती धातू भरला, त्यावर ठरते, आणि प्रत्येक प्रोसेसची वेगळी. भरलेल्या जाडीच्या दुप्पट, बस. १३ मिमी किंवा जास्त, निदान तीन थरांत भरलं तरच डब्ल्यूपीएसमध्ये (वेल्डिंगच्या लेखी पद्धतीत) बसेल तेवढ्या जाडीपर्यंत मोकळीक.

६ इंची शेड्यूल ८० घ्या (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीची श्रेणी), भिंत १०.९७ मिमी. रूट (तळाचा पहिला थर) आणि हॉट पास (त्यावरचा थर) टिगने (टंगस्टन इलेक्ट्रोड आणि वायूची प्रोसेस), बाकी आर्कने (रॉडने). टिग साडेतीन मिमी भरली तर तिची मर्यादा ७ मिमी. आर्क साधारण साडेसात, मर्यादा १५. सर्टिफिकेटवर कुणी ‘१०.९७ गुणिले २’ करून दोन्ही प्रोसेससमोर २१.९४ ठोकलं की ते चूक. असा वेल्डर पुढे ६ इंची शेड्यूल ४० चा जॉइंट पूर्ण टिगने मारतो. भिंत ७.११. म्हणजे ०.११ मिमीने तो बाद, आणि त्याने मारलेले तसले सगळे जॉइंट प्रश्नात. एवढ्याशा आकड्यासाठी टीपीआय (बाहेरचा तपासनीस) सोडेल अशी आशा धरू नका.

म्हणून डेप्थ गेज. फिटअपच्या (पाइप जुळवण्याच्या) वेळी कूपनची खरी भिंत मोजा. पाइपवर छापलेलं शेड्यूल म्हणजे मोजमाप नाही. टिग संपली की वेल्डरला थांबवा. रॉड पेटवू देऊ नका. बाहेरच्या पृष्ठभागापासून खोली चार ठिकाणी मोजा, भिंतीतून वजा करा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. कॅप (वरचा उंचवटा) आणि आतला फुगवटा यात येत नाही. आर्क वर चढली की हा आकडा परत मिळत नाही, मग कितीही कागद रंगवा. टेस्ट बघायला उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात डेप्थ गेज आहे का, हे सकाळीच विचारा. दुपारी परत विचारा.

कामात पूर्ण टिगचे जॉइंट असतील तर २ इंची डबल एक्स्ट्रा स्ट्राँग (जाड भिंतीचा पाइप) पूर्ण टिगने भरून घ्या. भिंत ११.०७, मर्यादा २२.१४, वर व्यासही २५ पर्यंत खाली येतो. एका कूपनमध्ये दोन कामं.

अजून एक खोच: टिगच्या रूटवर ७०१८ रॉड मारलेला माणूस आर्कसाठी ‘बॅकिंगसह’ (मागे आधार असताना) क्वालिफाय होतो, कारण टिगचा धातूच त्याचं बॅकिंग. त्याला ६०१० रॉडने ओपन रूट (मागे आधार नसलेला) द्यायचा नाही. त्याची टेस्ट वेगळी.

वेल्डिंगच्या आधी कूपनचा वरचा बिंदू पंच करा, नाहीतर बेंडच्या (वाकवून तपासायच्या) पट्ट्या कुठून कापायच्या ते कळत नाही. ६जीला चार पट्ट्या. १०.९७ च्या भिंतीला साइड बेंडच (कापलेल्या बाजूवर वाकवणं) घ्या, दोन्ही प्रोसेस एकाच पट्टीत दिसतात. पट्टी १० मिमी, मँड्रेल (ज्यावर पट्टी वाकवतात तो गोल ठोकळा) ३८ मिमी. कडा ३ मिमीपर्यंत गोल करा. आळस केला तर कोपऱ्यातून फाटतं. उघडलेला दोष ३ मिमीच्या वर नको.

नापास? लगेच परत घ्यायची तर त्या पोझिशनचे लागोपाठ दोन कूपन, दोन्ही पास. पाइप तेवढा जास्त कापून ठेवा.

आयबीआरची (भारतीय बॉयलर नियमांखालची) लाइन असेल तर बाष्पके संचालनालयाकडे आधी विचारा, सेक्शन नाइनचं सर्टिफिकेट तिथे पुरेसं धरू नका.

फॉर्म: एफ नंबर (रॉड किंवा फिलरचा गट), बॅकिंग, अपहिल की डाउनहिल (खालून वर की वरून खाली), आणि जाडीच्या रकान्यात प्रोसेसगणिक मोजलेला आकडा. डेप्थ गेजचा. सही त्यानंतर. मग सहा महिन्यांत ती प्रोसेस निदान एकदा मारल्याची नोंद, टिगची वेगळी, आर्कची वेगळी.