इंदूरच्या घरातून मालिकेसाठी सेल्फ-टेप ऑडिशन: नीट कशी करायची

इंदूरची अंकिता लोखंडे 2009 मध्ये झी टीव्हीच्या ‘पवित्र रिश्ता’मधली अर्चना झाली. त्या काळात ऑडिशन म्हणजे मुंबईत मुक्काम आणि अंधेरी-वर्सोव्याच्या चकरा. आता पहिली फेरी बहुतेक वेळा फोनवरच होते. दीड पानाचा सीन व्हॉट्सअॅपवर येतो आणि कलाकार निवडणारे कास्टिंगवाले संध्याकाळपर्यंत घरीच शूट केलेला व्हिडिओ, म्हणजे सेल्फ-टेप, मागतात. त्यामुळे आधी मुंबईत खोली घेऊन मग काम शोधायची घाई करू नका. घरातला एक कोपरा कायमचा तयार ठेवा.

भिंत एकरंगी, फिकट राखाडी किंवा निळसर असावी. भिंतीला चिकटून उभं राहिलं की मागे काळी सावली पडते, म्हणून तीन-चार फूट पुढे उभ्या राहा. फोन ट्रायपॉडवर, आडवा, पाच-सहा फुटांवर आणि लेन्स बरोबर डोळ्यांच्या उंचीला. लेन्स खाली राहिली तर आधी हनुवटी दिसते, डोळे नंतर. सेल्फी कॅमेरा वापरू नका, मागचा वापरा. चौकट छातीपासून वर, डोक्यावर चार बोटं जागा. सेटिंग 1080पी आणि शक्यतो सेकंदाला 25 फ्रेम. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली 30 फ्रेमवर शूट केलं, तर चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. फोकस आणि उजेड चेहऱ्यावर बोट दाबून लॉक करा, नाहीतर हात हलला की चेहरा मध्येच काळवंडतो.

उजेडासाठी खिडकी समोरून किंचित बाजूला हवी, पाठीमागे मुळीच नको. रात्री करावं लागलं तर दोन पांढरे एलईडी बल्ब चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना, थोडे वर लावा आणि त्यांच्यापुढे थोडं अंतर ठेवून बटर पेपर धरा. एक बल्ब पिवळा आणि दुसरा पांढरा असेल, तर अर्धा चेहरा आजारी दिसतो.

टेप सगळ्यात जास्त वेळा बिघडते ती आवाजाने. पंखा, कूलर, फ्रीज बंद. कुकर चढवायचा नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा. इंदुरात सकाळचा उजेड छान असतो, पण त्याच वेळी कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत येते, तेव्हा ती गेल्यावरच सुरू करा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. कॅमेऱ्यामागे दोरीवर दोन गोधड्या टाकल्या की लगेच फरक पडतो. साधा कॉलर माइक पुरेसा आहे, फक्त त्याच्यावर ओढणी किंवा मंगळसूत्र घासत नाही ना, ते पाहा.

समोरच्याचे संवाद घरातलं कुणीतरी वाचेल. आई असो वा भाऊ, लेन्सला अगदी लागून उभं करा, म्हणजे तुमची नजर लेन्सजवळ राहते. थेट लेन्समध्ये बघायचं नाही. फोनचाच माइक असेल तर वाचणाऱ्याने हळू बोलावं, कारण माइक त्याच्या जवळ असतो. त्याने अभिनय करायचा नाही, सरळ वाचायचं.

रंगमंचावरून आलेल्या मुलींचं कॅमेऱ्यासमोरच्या अभिनयात नेमकं अडतं. इंदूरच्या ‘सानंद’ या मराठी सांस्कृतिक संस्थेची नाटकं बघत वाढलेल्या, स्वतः स्पर्धेत उतरलेल्या मुलीला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असते. क्लोजअपमध्ये तेच भुवया उडवणं ओरडल्यासारखं दिसतं. आवाज खोलीपुरता ठेवा आणि समोरचा बोलत असताना ऐका. कास्टिंगवाले तुमचं ऐकणंच जास्त बघतात. पाठ करताना ओळी घोकू नका. आपल्या पात्राला आत्ता समोरच्याकडून काय हवंय, हे प्रत्येक ओळीपाशी पेन्सिलीने लिहा. शब्द विसरला तर तोंड न पाडता पुढे चला.

मराठी मालिकेसाठी जीभही तपासा. शाळा-कॉलेज हिंदीत झालं की ‘ज’ आणि ‘च’ सगळीकडे सारखेच निघतात. ‘जवळ’, ‘चूक’, ‘चमचा’, ‘माझा’ यांत जीभ दातांकडे जाते. ‘जेवण’, ‘चहा’, ‘माझी’ यांत टाळूला लागते. ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ झाला की मुंबईत लगेच कळतं. रोज दहा मिनिटं मोठ्याने मराठी वर्तमानपत्र वाचा, रेकॉर्ड करा आणि घरातल्या जाणत्या माणसाला ऐकवा. इंदुरी लहेजा लाज वाटण्यासारखा मुळीच नाही. माळव्यातली व्यक्तिरेखा असेल तर तो सोनंच आहे. पण हवा तेव्हा बाजूला ठेवता आला पाहिजे.

परिचय वेगळा घ्या, अर्ध्या मिनिटाचा: नाव, वय, उंची, शहर, भाषा आणि मोकळ्या तारखा. मग डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल, पूर्ण उंची. उंची वाढवून सांगू नका, सेटवर नायकाशेजारी उभं राहावं लागतंच. मेकअप हलका. ब्यूटी फिल्टर लावलेली टेप बाद होते, कारण त्यांना खरी त्वचा बघायची असते. सुनेची भूमिका असेल तर साधी सुती साडी किंवा कुर्ता पुरे, चमकणारं जरीकाम नको.

पाच-सहा टेकमध्ये थांबा, त्यापुढे चेहरा थकतो. व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर गॅलरीतून पाठवला की दर्जा घसरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या आणि ती सर्वांना उघडेल अशी परवानगी ठेवा. समोरच्याला परवानगी मागावी लागली तर तो पुढच्या मुलीची टेप उघडतो. फाइलचं नाव: तुमचं नाव, भूमिका, शहर.

बोलावणं आलंच तर लूक टेस्ट (भूमिकेच्या वेशात-मेकअपमध्ये चाचणी) किंवा मॉक शूट (सीनचं चाचणी चित्रीकरण) असतं. अवंतिका एक्स्प्रेसने जात असाल तर मुंबई सेंट्रलपर्यंत न जाता बोरिवलीला उतरा आणि लोकलने अंधेरी गाठा. ऑडिशनच्या बऱ्याच जागा वर्सोव्याच्या आराम नगरमध्ये आहेत. पहिल्या खेपेला सोबत कुणीतरी न्या आणि पत्ता घरी कळवून ठेवा.

पैशांचं आधीच पक्कं समजून घ्या. निवड झाल्यावर ‘रजिस्ट्रेशन’, ‘आर्टिस्ट कार्ड’ किंवा ‘पोर्टफोलिओ’ची रक्कम मागणारा माणूस भामटा असतो. खरं प्रॉडक्शन हाउस कलाकाराकडून पैसे घेत नाही. काम मिळालं तरी टीव्हीत मानधन साधारण 90 दिवसांनी हातात येतं, तेही टीडीएस कापून. म्हणून पहिल्या तीन महिन्यांचं भाडं आणि जेवणखाण गाठीशी असल्याशिवाय करारावर सही करू नका. करारात रोजचे तास, महिन्याचे किमान दिवस आणि दुसरीकडे काम करायला बंदी आहे का, हे तीन मुद्दे वकिलाकडून वाचून घ्या.