रक्तस्रावाच्या तपासणीला येण्याआधी

तपासणीची तारीख मिळाली की आधी एक वही घ्या आणि घरातल्या रक्तस्रावाची हकिकत लिहून काढा. मी मुंबईत रक्त गोठण्याच्या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. दिवस मशिनसमोर जातो, तरी सांगते, निम्मं निदान त्या वहीत असतं. संशोधक आयएसटीएच-बॅट नावाची प्रश्नावली वापरतात, तीही हेच विचारते. चौदा प्रकारचे रक्तस्राव, प्रत्येकाला ० ते ४ गुण. प्रौढ पुरुषात बेरीज ४, बाईत ६, मुलात ३ किंवा त्याहून जास्त झाली की पुढे तपासायचं.

‘खूप’, ‘कधीकधी’ असं लिहू नका. घोळणा फुटला तर किती मिनिटं वाहिला आणि वर्षातून किती वेळा, ते लिहा. कान-नाक टोचताना काय झालं? दाढ काढल्यावर रात्री परत दवाखाना गाठावा लागला का? बाळंतपणात रक्त चढवलं का? कुठेही न आपटता अंगावर काळेनिळे डाग उठतात का?

आणि पाळी. इथे मी थांबते, कारण मुली इथेच गप्प होतात. सात दिवसांपेक्षा जास्त जातं का, दोन तासांच्या आत पॅड बदलावा लागतो का, गाठी पडतात का, शाळा बुडते का, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन खालीच राहतं का, हे सगळं लिहा. अनेक आया मला सांगतात, “आमच्यात सगळ्यांनाच असं जातं.” हे ऐकलं की मी त्या बाईंना बसवूनच घेते. घरात सगळ्यांनाच जातं, हाच तर आम्हाला हवा असलेला पुरावा! मावशी, आत्या, आजी, सगळ्यांना विचारा. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ साली ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबाचा अभ्यास छापला, तो असाच घरातल्या माणसांची चौकशी करत. ज्या मुलीपासून त्यांची चौकशी सुरू झाली, ती पुढे पाळीच्या रक्तस्रावातच गेली. रक्त थांबवणारं एक प्रथिन कमी पडतं किंवा नीट काम करत नाही, असा तो आजार. आज त्याला त्यांचंच नाव आहे.

आईवडील नात्यातले असतील, म्हणजे मामाची मुलगी केलेली असेल, तर तेही न लाजता सांगा. ग्लान्झमनसारखे, म्हणजे प्लेटलेट एकमेकींना चिकटत नाहीत असे आजार आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही बिघडलेले जनुक मिळाल्यावर होतात. नात्यातल्या लग्नात तो योग जास्त येतो.

आता औषधं. प्लेटलेटचं, म्हणजे जखमेवर गोळा होऊन रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशींचं काम बघायचं असेल तर ॲस्पिरिन साधारण सात ते दहा दिवस आधीपासून पोटात नको, कारण एकदा बाधलेली प्लेटलेट मरेपर्यंत तशीच राहते. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं. पाळीत दुखतं म्हणून मुली मेफ्टाल स्पास घेतात, त्यातही तशाच जातीचं औषध आहे. घेतलं असेल तर येण्याआधी फोन करून कळवा. हृदयासाठी चालू असलेली गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नका. सकाळी तेलकट-तुपकट खाऊन येऊ नका. रक्तद्रव गढूळ होतो आणि आमची तपासणी तर त्यातून जाणाऱ्या उजेडावरच चालते.

प्लेटलेटच्या कामाच्या तपासणीसाठी रक्त गावाहून पाठवू नका, माणूस पाठवा. निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीतल्या रक्तावर चार तासांच्या आत काम संपावं लागतं. बर्फ चालत नाही, झटकून हलवलेलं चालत नाही, आणि नळी खुणेपर्यंत भरलेली लागते. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण चुकलं तर रिपोर्ट चुकतो. नळी अर्धीच भरलेली दिसली तर तिथेच बोला. तो तुमचा हक्क आहे.

मशिनमध्ये आम्ही प्लेटलेट असलेल्या रक्तद्रवात एडीपी, कोलॅजेन, ॲरॅकिडोनिक आम्ल, रिस्टोसेटिन अशी द्रव्यं वेगवेगळी घालतो. प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या की द्रव निवळतो, उजेड जास्त पार होतो आणि कागदावरची रेघ चढते. ग्लान्झमनमध्ये फक्त रिस्टोसेटिनला रेघ चढते, बाकी सगळ्या सपाट. बर्नार्ड-सुलिए या प्लेटलेटच्याच दुसऱ्या जन्मजात आजारात नेमकं उलटं. म्हणून रिपोर्टसोबत आलेखाची प्रत मागून घ्या. नुसता ‘ॲबनॉर्मल’ हा शब्द पुढच्या डॉक्टरांच्या उपयोगाचा नाही.

प्लेटलेटचा आकडा दीड लाखाच्या वर आहे, पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या तपासण्या ठीक आहेत, म्हणून ‘काही नाही’ असं सांगून परत पाठवलेली मुलं मी पाहिली आहेत. ग्लान्झमनमध्ये आकडा नॉर्मलच असतो, प्लेटलेटला चिकटता येत नाही एवढंच. उलट आकडा कमी दिसला तर काचपट्टीवर रक्त पसरून कुणी डोळ्यांनी बघितलं का, ते विचारा. जांभळ्या झाकणाच्या नळीत काहींच्या प्लेटलेट आपोआप गोळा होतात आणि मशिन कमी मोजतं. बर्नार्ड-सुलिएतल्या थोराड प्लेटलेट मशिनला प्लेटलेट वाटतच नाहीत. अशा मुलांना आयटीपी, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारतं तो आजार, समजून स्टेरॉइड दिली जातात. फॉन विलेब्रांडची तपासणी एकदा नॉर्मल आली तरी हकिकत जोरदार असेल तर पुन्हा करा. ताप, ताण, धावपळ, गरोदरपण यांत फॉन विलेब्रांडचं प्रथिन वाढतं.

संशोधनासाठी रक्त मागितलं तर घाबरू नका, पण सही घाईने करू नका. माहितीपत्रक मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. नाही म्हटलं किंवा मधेच बाहेर पडलात, तरी उपचारांवर परिणाम होता कामा नये, हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. सात वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचीही संमती घ्यायची असते. उरलेलं रक्त किती काळ ठेवणार, जनुकाचा निकाल तुम्हाला कळवणार का, आणि कळवणार असतील तर बहिणीच्या पुढच्या बाळंतपणाआधी कळेल का, हे विचारून त्या कागदावरच लिहून घ्या.